खलबत्ता, डॉक्टर आणि रोनाल्ड कोस

लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाचा एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात कुटण्यासाठी दोन भलेमोठे खल बसवलेले होते. एक 60 वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होता, दुसरा 26 वर्षांहून अधिक. मागच्या अंगाला, विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात, स्टर्जेस नावाचे डॉक्टर राहायला आले. पहिली आठ वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. मग डॉक्टरांनी आपल्या बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघराला अगदी खेटून, रुग्ण तपासायची खोली बांधली. झालं! रुग्णाच्या छातीला कान लावावा तर श्वासाऐवजी पलीकडची धडधड ऐकू यायची. डॉक्टर कोर्टात गेले.

मिठाईवाल्याने वहिवाट सांगितली. वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही कुटतोय, आता तो आमचा हक्क झाला. अपील कोर्टाने 1879 साली ते मान्य केलं नाही. खोली बांधली जाईपर्यंत त्या आवाजाचा उपद्रव कुणालाच नव्हता, मग हरकत घेणार कोण आणि कशाला? हरकत घ्यायची सोयच नव्हती, तर वहिवाटीची वर्षं मोजायला सुरुवात तरी कशी होणार? डॉक्टर जिंकले, खल बंद करायचा मनाई हुकूम निघाला.

हा किस्सा मी चारचौघांत सांगतो तेव्हा हमखास दोन तट पडतात. ‘मिठाईवाला आधीपासून होता, डॉक्टरला भिंतीला खेटून खोली बांधायला कुणी सांगितलं होतं?’ हा एक. ‘रुग्ण महत्त्वाचा की मिठाई?’ हा दुसरा. माझं मन पहिल्या तटाकडे झुकतं. पण या निकालाला ऐंशीएक वर्षं उलटल्यावर एका अर्थशास्त्रज्ञाने तो पुन्हा उघडला आणि दोन्ही तटांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. कायद्याकडे अर्थशास्त्राच्या नजरेने बघण्याची जी शाखा आज जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवली जाते, तिचा पाया बऱ्याच अंशी त्या प्रश्नावर उभा आहे.

त्या माणसाचं नाव रोनाल्ड कोस. (मैल-कोसातला कोस नव्हे, आडनावच तसं.)

कोस 1910 च्या डिसेंबरात लंडनच्या विल्सडेन भागात जन्मला. वडील पोस्टात तारबाबू. लहानपणी पाय अधू, लोखंडी पट्ट्या बांधून चालायचा. त्यामुळे अपंग मुलांच्या शाळेत घातलं आणि माध्यमिक शाळेत जायला एक वर्ष उशीर झाला. उशीर झाल्याने लॅटिन हुकलं. लॅटिन नाही म्हणून इतिहासाची पदवी घेता येईना. रसायनशास्त्राकडे वळला तर त्यासाठी लागणारं गणित रुचेना. उरलं कॉमर्स. अशा तऱ्हेने, एकेक दार बंद होत होत, 1929 साली तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पोचला. गणित न आवडणारा हा माणूस पुढे अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेला आणि तेही प्रामुख्याने दोन लेखांवर. त्या लेखांत बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं गणित जवळजवळ नाही.

दोनांपैकी पहिला लेख 1937 चा. त्यातली कल्पना मात्र त्याला विशीतच सुचली होती. 1931-32 मध्ये शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत गेला आणि वर्गांत बसण्यापेक्षा कारखाने बघत हिंडला. डोक्यात एक साधा प्रश्न होता. रशियात लेनिनने म्हटलं होतं की अख्खा देश एका कारखान्यासारखा चालवू. पाश्चात्त्य अर्थतज्ज्ञ म्हणत होते की अशक्य, बाजारातल्या किमतींशिवाय हे जमणार नाही. पण मग खुद्द पाश्चात्त्य देशांत एवढे अवाढव्य कारखाने होतेच की! त्यांच्या आत कुठे बाजार होता? तिथे साहेब सांगतो आणि कामगार करतो. बाजार इतका कार्यक्षम असेल तर मुळात कंपन्या असतातच कशाला?

उत्तरासाठी आपल्या शहरांतला मजूर नाका डोळ्यांपुढे आणा. कंत्राटदाराने रोज सकाळी नाक्यावर जायचं, गवंडी शोधायचा, कोण चांगला आहे हे ताडायचं, मजुरीची घासाघीस करायची, काम समजावून सांगायचं, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. मजुरीचे पैसे वेगळेच, पण या शोधण्या-ठरवण्यात जो वेळ, दमछाक आणि धोका जातो त्यालाही किंमत आहे. ती फार झाली की कंत्राटदार म्हणतो, चार माणसं महिन्याच्या पगारावर ठेवू. तिथे कंपनी जन्माला येते. उलट, माणसं सांभाळण्याची कटकट नाक्यावरच्या घासाघिशीपेक्षा महाग पडली की तो पुन्हा नाक्यावर जातो. कंपनी कुठवर वाढेल आणि कुठे थांबेल, हे या दोन खर्चांच्या तुलनेवर ठरतं. बाजार वापरणं फुकट नसतं, एवढंच कोसचं म्हणणं. पुढे या खर्चाला ‘ट्रान्झॅक्शन कॉस्ट’ असं नाव पडलं. आपण त्याला व्यवहाराचा खर्च म्हणू.

ऐकायला अगदीच साधं आहे, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेकांनी ते साधं म्हणूनच सोडून दिलं.

आता दुसरा, 1960 चा लेख. तो समजायला आधी आर्थर पिगू हे नाव लागतं. पिगू हे केंब्रिजचे प्राध्यापक, 1920 साली आलेला त्यांचा कल्याणाच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ पुढच्या पिढ्यांना प्रमाण होता. त्यांचं म्हणणं असं: कारखाना धूर सोडतो, त्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो, पण कारखान्याच्या हिशेबवहीत तो खर्च येतच नाही. म्हणून सरकारने मध्ये पडावं, कर लावावा, भरपाई द्यायला लावावी. ज्याने नुकसान केलं त्याने भरावं. यात चूक काढण्यासारखं वरवर काही दिसत नाही.

कोसने बोट ठेवलं ते ‘ज्याने नुकसान केलं’ या शब्दांवर. मिठाईवाला नसता तर डॉक्टरला त्रास झाला नसता, हे खरं. पण डॉक्टरची खोली तिथे नसती तरीही तो झाला नसता. टाळी एका हाताने वाजत नाही, असं आपण भांडणाबद्दल म्हणतो. कोस ते नुकसानीबद्दल म्हणत होता. खल थांबवले तर डॉक्टर वाचतो आणि मिठाईवाल्याचं नुकसान होतं. चालू ठेवले तर उलट. कुणाचंच नुकसान होणार नाही असा मार्ग उपलब्धच नाही. तेव्हा अपराधी कोण हे शोधत बसण्याऐवजी, कोणतं नुकसान मोठं आणि ते कमीत कमी खर्चात कोण टाळू शकतं, हे बघा.

इथे पुष्कळ वाचक बिथरतात. मीही बिथरलो होतो. कारखान्याच्या धुराने खोकणारा माणूस आणि धूर सोडणारा मालक यांना एका पारड्यात घालायचं? पण कोस नीतीचा निवाडा देत नव्हता. तो कारणांबद्दल बोलत होता, आणि कारणं म्हणून बघितलं तर दोन्ही बाजू लागतातच. नीतीचा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. तो तसा ठेवता येतो का, हा वाद आजही मिटलेला नाही.

पिगूंच्याच एका उदाहरणाची कोसने केलेली चिरफाड मला फार आवडते. वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळांलगतचं रान जळतं, रेल्वे भरपाई देत नाही, म्हणजे इथे सरकारने लक्ष घालायला हवं, असं पिगू म्हणत. कोसने इंग्लंडचा तेव्हाचा कायदा काढून बघितला. संसदेच्या कायद्याने परवानगी मिळालेल्या रेल्वेचा हलगर्जीपणा नसेल तर ती सर्वसाधारणपणे जबाबदारच धरली जात नव्हती. म्हणजे सरकारने लक्ष घातलं नाही असं नव्हतंच, सरकारने घातलेल्या लक्षामुळेच भरपाई मिळत नव्हती! वर त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. समजा रेल्वेला पै-पै भरून द्यायला लावली. मग शेतकरी अगदी रुळांच्या कडेपर्यंत पेरील. पीक जळलं तरी पैसे, विकलं तरी पैसे, त्याला काय फरक पडतो? जळणाऱ्या पिकाचं क्षेत्र उलट वाढेल. भरपाईचा हुकूम न्याय्य वाटतो म्हणून तो शहाणपणाचा असेलच असं नाही.

आता थोडा हिशेब करू, आकडे माझे, काल्पनिक. समजा खल हलवायचे तर मिठाईवाल्याला वर्षाला 100 पौंडांचा फटका बसतो. खोली बागेत दुसरीकडे न्यायची तर डॉक्टरला 60 पौंडांचा. कोर्टाने हक्क डॉक्टरला दिला. मिठाईवाला घरी येऊन डोकं खाजवेल आणि डॉक्टरकडे जाऊन म्हणेल, ‘डॉक्टरसाहेब, वर्षाला 80 पौंड घ्या आणि खोली तिकडे न्या.’ डॉक्टरचे 20 सुटतात, मिठाईवाल्याचेही 20 वाचतात. खल चालू राहतात. आता उलट धरा, कोर्टाने हक्क मिठाईवाल्याला दिला. डॉक्टर फार तर 60 देऊ करील आणि मिठाईवाला 100 च्या खाली ऐकणार नाही. सौदा फिसकटतो, खल चालूच राहतात.

दोन्ही निकालांत खल चालूच! आकडे उलटे केले, डॉक्टरचे 100 आणि मिठाईवाल्याचे 60, तर दोन्ही निकालांत खल थांबतील. हक्क कुणाचा हे कोर्टाने स्पष्ट केलं आणि दोघांना बोलून तडजोड करायला काहीच खर्च पडत नसेल, तर जागेचा वापर शेवटी जास्त मोलाच्या कामासाठीच होतो. निकालाने फक्त कुणी कुणाला पैसे द्यायचे एवढंच बदलतं. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने याला ‘कोस प्रमेय’ असं नाव दिलं. कोसने स्वतः दिलं नव्हतं.

या कल्पनेची जन्मकथा अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळात पुराणासारखी सांगितली जाते. 1959 साली कोसने अमेरिकेतल्या रेडिओ लहरींच्या वाटपावर एक लेख लिहिला होता आणि त्यात हा युक्तिवाद आलेला होता. शिकागो विद्यापीठातल्या मंडळींना तो सरळसरळ चुकीचा वाटला. त्यांनी तो भाग काढून टाकायला सुचवलं, कोस ऐकेना. शेवटी शिकागोतलेच प्राध्यापक ॲरन डायरेक्टर (हेही आडनावच) यांच्या घरी एका संध्याकाळी बैठक ठरली. मिल्टन फ्रीडमन, स्टिगलर, आर्नल्ड हारबर्गर असे एकेक दिग्गज समोर. स्टिगलरने नंतर लिहून ठेवलंय की सुरुवातीला कोसच्या विरोधात वीस मतं होती आणि बाजूने एकटा कोस. दोन तासांनी एकवीसच्या एकवीस कोसच्या बाजूने. हे सगळं टेप करून ठेवायचं आम्हाला सुचलं नाही, अशी हळहळ त्याने व्यक्त केली आहे. त्याच मंडळींनी कोसला सांगितलं की हे सविस्तर लिही, आणि त्यातून 1960 चा ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ हा लेख झाला.

गंमत अशी की ज्या प्रमेयामुळे कोसचं नाव झालं, ते त्याच्या मते लेखाचा मुद्दाच नव्हतं. प्रमेयातलं जग हे व्यवहाराला शून्य खर्च पडणारं जग. असं जग फळ्यावर असतं, गल्लीत नसतं. लोक त्याला ‘कोसचं जग’ म्हणू लागले तेव्हा तो वैतागला. अर्थशास्त्रज्ञांनी जे जग सोडून बाहेर यावं म्हणून मी लिहिलं, त्यालाच माझं नाव चिकटवता, असा त्याचा सूर होता. फळ्यावरचं अर्थशास्त्र ही त्याची लाडकी शिवी.

मग मुद्दा काय होता? वरच्याच हिशेबात एक ओळ वाढवा. दोघांना एकत्र बसवणं, वकील, करारपत्र, समोरचा शब्द पाळतोय का यावर नजर, या सगळ्याचा खर्च 50 पौंड. सौद्यातून दोघांचे मिळून वाचणार 40. म्हणजे सौदा होणार नाही. आता हक्क डॉक्टरला दिला तर खल बंद पडतील, आणि 60 वाचवायला 100 घालवल्यासारखं होईल. हक्क मिठाईवाल्याला दिला तर तसं होणार नाही. बोलणी महाग असतील तिथे न्यायाधीशाचा निकाल हाच शेवटचा शब्द असतो आणि म्हणूनच तो कुणाच्या बाजूने पडतो याला प्रचंड महत्त्व येतं. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही आपल्याकडची म्हण व्यवहाराच्या खर्चावरच बोलते. कोस पुढे जाऊन न्यायाधीशांना सांगत होता की तुमच्या पायरीवरून उतरल्यावर लोकांना आपापसात बोलणं परवडणार आहे का, हे निकाल देताना लक्षात असू द्या.

ही गोष्ट बघायला खटला दोघांचा नसून शेकडो जणांचा असावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात आल्बनीजवळ एक सिमेंटचा कारखाना होता. धूळ आणि सुरुंगांच्या हादऱ्यांविरुद्ध शेजारी कोर्टात गेले. कारखान्यात साडेचार कोटी डॉलरहून जास्त गुंतवणूक, तीनशेवर कामगार. फिर्यादी शेजाऱ्यांचं कायमचं नुकसान कोर्टाने धरलं 1,85,000 डॉलर. कारखाना बंद करायचा हुकूम दिला तर प्रत्येक शेजाऱ्याच्या हातात नकाराचं हत्यार येतं. सगळे कबूल झाले आणि शेवटचा एक अडून बसला, तर तो वाटेल ती किंमत मागू शकतो. जमिनीचे व्यवहार जवळून पाहिलेल्या कुणालाही सातबाऱ्यावरचा असा एखादा सहहिस्सेदार नक्की आठवेल. 1970 साली कोर्टाने मधला मार्ग काढला: भरपाई द्या आणि कारखाना चालू ठेवा. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं. पैसे भरून प्रदूषणाचा परवाना विकत घेण्यासारखं हे आहे, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार मला आजही पोकळ वाटत नाही.

या प्रकारच्या निवाड्यांची नीट वर्गवारी केली ती गिडो कॅलाब्रेझी यांनी. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक, पुढे न्यायाधीशही झाले. कोसशी संबंध न येता 1961 साली त्यांनी अपघातांच्या भरपाईवर असाच विचार मांडला होता. 1972 साली डग्लस मेलामेडबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी एक फरक दाखवला. काही हक्क असे की मालकाने हो म्हटल्याशिवाय ते घेताच येत नाहीत. काही असे की कोर्ट ठरवेल ती भरपाई भरून घेता येतात. बोलणी सोपी असतील तर पहिला प्रकार बरा, अवघड असतील तर दुसरा. हक्क दोघांपैकी कुणालाही द्या आणि तो दोनपैकी कोणत्याही प्रकारचा ठेवा, अशा एकूण चार शक्यता होतात, आणि त्यातली चौथी विचित्र आहे: उपद्रव थांबवायचा, पण थांबवण्याचा खर्च तक्रारदाराने द्यायचा.

कागदावरचं कोडं वाटतं ना? त्याच वर्षी ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका तसाच निकाल दिला. फिनिक्स शहराबाहेर एक गुरांचा गोठा होता, 20 ते 30 हजार जनावरं, रोज दहा लाख पौंड वजनाचं ओलं शेण. एका बिल्डरने स्वस्त जमीन घेत घेत निवृत्तांसाठी सन सिटी नावाची वसाहत त्याच्या अंगापर्यंत आणली आणि मग माशांची आणि वासाची तक्रार केली. न्यायालय म्हणालं, रहिवाशांच्या आरोग्यासाठी गोठा हलला पाहिजे. पण गोठा आधीपासून होता आणि वसाहत त्याच्याकडे चालत आली, तेव्हा गोठा हलवायचा वाजवी खर्च बिल्डरने द्यावा. विगमोर स्ट्रीटच्या मिठाईवाल्याच्या नशिबी हे नव्हतं.

रेडिओ लहरींकडे परत यायला हवं, कारण कोसच्या विचाराचा सर्वात ठळक परिणाम तिथे दिसतो. दोन केंद्रांनी एकाच लहरीवर प्रक्षेपण केलं की दोन्हींची खरखर होते. म्हणून लहरी सरकारनेच वाटायला हव्यात आणि लायक कोण हे सरकारनेच ठरवावं, अशी समजूत होती. कोसने विचारलं, एका शेतात दोघांनी पेरलं तर तीच गत होते, म्हणून आपण जमिनीचं लायक-नालायक असं वाटप करतो का? हक्क नीट आखून द्या आणि लिलाव करा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे त्याने हे मांडलं तेव्हा एका आयुक्तांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही ही थट्टा करताय का? पहिला लिलाव 1994 साली झाला, म्हणजे कोसच्या लेखानंतर 35 वर्षांनी.

आपल्याकडे हाच विषय टू-जी या नावाने घराघरांत पोचला. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटलंच होतं. 2008 साली मोबाइल सेवेचे परवाने ‘आधी येईल त्याला आधी’ पद्धतीने, 2001 च्या दराने दिले गेले. काही कंपन्यांनी लवकरच आपले हिस्से मोठ्या किमतीला विकले, याची न्यायालयाने दखल घेतली आणि 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द केले. (फौजदारी खटल्यातले आरोपी 2017 मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले, तो वेगळा विषय.) प्रमेयाची आंधळी बाजू इथे लख्ख दिसते. पहिल्यांदा कुणालाही द्या, विकत घेता-देता आलं की लहर योग्य हातांत जाईल, हे प्रमेय सांगतं. पण मधला पैसा सरकारी तिजोरीत गेला की कुणाच्या खिशात, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. लोक चिडले होते ते नेमके त्या मधल्या पैशाबद्दल.

दुसरी उणीव पैसे देण्याच्या ऐपतीची. ‘ज्याला मोल जास्त त्याच्याकडे हक्क जातो’ यातलं मोल रुपयांत मोजलं जातं, आणि ज्याच्याकडे रुपयेच नाहीत त्याचं मोल शून्याच्या आसपास दिसतं. तिसरी माणसाच्या मनाची. 1990 साली कानेमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायची किंमत विचारली, उरलेल्यांना विकत घ्यायची. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत मागितली. एकदा हक्क मिळाला की तो आपला वाटतो आणि सुटत नाही. मग पहिल्यांदा तो कुणाला दिला हे गौण कसं राहील?

आणि कोसचा स्वतःचा दीपगृहांवरचा 1974 चा लेखही पूर्ण निर्दोष नाही. दीपगृह ही केवळ सरकारनेच पुरवायची गोष्ट, असं जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युएल्सनपर्यंत सगळे अर्थशास्त्रज्ञ उदाहरण देत आले होते. कोसने जुनी दप्तरं काढून दाखवलं की इंग्लंडमध्ये खाजगी दीपगृहं होती आणि बंदरात जहाजांकडून शुल्क घेतलं जाई. पण टीकाकारांनी पुढे लक्षात आणून दिलं की ते शुल्क घेण्याचा हक्क सरकारी सनदेतूनच आलेला होता आणि सनद नसती तर कुठल्या कप्तानाने पैसे दिले असते? तरीसुद्धा पद्धत कोसचीच खरी. दाखला द्यायचा तर आधी दप्तर उघडून बघावं.

कायद्याच्या अभ्यासात भर घालायचा माझा इरादाच नव्हता, असं तो नंतर म्हणाला. खटले मी घेतले ते एवढ्यासाठी की अर्थशास्त्रज्ञांच्या मनातल्या उदाहरणांपेक्षा ते खरे होते. कायद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात अर्थशास्त्र नेण्याचं काम रिचर्ड पोझनर या कायद्याच्या प्राध्यापकाने केलं, 1973 च्या जाडजूड पाठ्यपुस्तकातून. त्या उत्साहात कोस कधी फारसा सामील झाला नाही. 1964 पासून शिकागोत राहून तो कायदा आणि अर्थशास्त्राचं नियतकालिक संपादित करत राहिला. 1991 साली नोबेल मिळालं तेव्हा वय 80. विशीतल्या कामाबद्दल ऐंशीत कौतुक होणं ही विचित्र गोष्ट आहे, असं तो त्या व्याख्यानात म्हणाला. 2 सप्टेंबर 2013 रोजी, 102 व्या वर्षी तो गेला.

1960 च्या लेखात त्याने एक मोठं उदाहरण गुराख्याचं आणि शेतकऱ्याचं घेतलं होतं: गुरं कुंपणाअभावी शेजारच्या पिकात शिरतात, कुणी कुणाला काय द्यायचं? रॉबर्ट एलिक्सन नावाचे कायद्याचे प्राध्यापक हे खरोखर तपासायला उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्टा काउंटीत गेले. तिथे काही भागांत गुरांच्या नुकसानीला मालक जबाबदार, काही भागांत नाही, असा कायदाच वेगवेगळा होता. म्हणजे प्रमेयासाठी आयती प्रयोगशाळा. 1991 साली त्यांचं पुस्तक आलं. कायद्याच्या फरकाने तिथे खरंच फारसं काही बदलत नव्हतं, पण सौदे होत होते म्हणून नव्हे. कायदा नेमका काय आहे हेच बहुतेकांना धड ठाऊक नव्हतं. दुसऱ्याची गाय आपल्या कुरणात आली की लोक तिला बांधून ठेवत, चारा घालत आणि मालकाला फोन करत. चाऱ्याचे पैसे मागणं अशिष्ट समजलं जाई. कोण कुणाच्या किती उपकारात आहे, हे प्रत्येकाच्या मनात पक्कं नोंदलेलं असे. जो वारंवार गुरं मोकाट सोडी त्याच्याबद्दल आधी गावभर कुजबुज होई. तरीही सुधारला नाही तर त्याची गुरं दूर हाकलून दिली जात. वकिलाकडे जाणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि जो आधीच जाई त्याच्याबद्दलही कुजबुज होई.